अकरावा प्रश्न

९ मार्च

प्रिय बुटके,

या नावाने हाक मारायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच गमावला, पण दुसरं काही लिहवेना. तू बरी असशील. मी ठीक आहे. ह्यांना जाऊन दीड महिना झाला. लेक आठ दिवस राहून परत गेली. उरलेली औषधं दवाखान्यात देऊन टाकली.

हे गेल्यावर तू भेटायला आलीस तेव्हा मी तुला दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तुम्हा दोघांचे ऑफिसातले साहेब आले होते. ऑफिसची जुनी कपाटं काढताना ह्यांचे नकाशे सापडले, ते द्यायला. उलगडून दाखवत म्हणाले, "रेघा ह्यांच्या, अक्षरं तिची. शेवटी शेवटी ह्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. सगळे गेले की ती बसून भरायची. आम्हाला कळत होतं, पण बोलणार कोण?"

म्हणजे उशिरापर्यंत थांबणं ते हे. आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! मला तुझा राग येतो. राग यायचा मला काही अधिकार नाही, म्हणून जास्तच येतो. थरथरणारा हात त्यांनी तुला दाखवला, मला नाही.

मी तुझ्या नवऱ्याला फोनवर काय बोलले ते तुला ठाऊक आहे. "बायकोला जरा घरचा रस्ता दाखवा, ती माझ्या नवऱ्याला सोडत नाही." साहेब म्हणाले, तो अजून रोज पाचच्या ठोक्याला ऑफिसच्या फाटकाशी उभा असतो.

म्हणून हे पत्र त्यालाही वाचायला दे. नुसतं 'चुकलं' लिहिलं तर तो म्हणेल, मैत्रिणींनी आपसांत मिटवलं. मला संशय कशावरून आला ते सांगितल्याशिवाय त्याला पटायचं नाही. आणि तेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या फोनच्या आधी वर्षभर हे माझ्याजवळ आले नव्हते. दोन-तीनदा प्रयत्न झाला, जमलं नाही, मग पाठ करून झोपायला लागले. चेहऱ्यावर तर काहीच नाही. मी रडले तरी तसाच, हसले तरी तसाच. मला दुसरं काय वाटणार होतं?

पुढच्या वर्षी आजाराचं नाव कळलं, कंपवात. दवाखान्यात एक फॉर्म भरायला दिला. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, एकही रकाना सोडू नका हं." हे म्हणाले, "चोपन्नाव्या वर्षी आजोबा केलंस, आता काय सोडतो!" अकरावा प्रश्न पती-पत्नी संबंधांचा होता. ह्यांनी लिहिलं, 'अडचण नाही.' माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि खाली मी सही केली.

गेल्या वर्षी धीर करून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं की नुसते हातपाय अडत नाहीत. इच्छा, शरीराची साथ, चेहऱ्यावरचं हसू, सगळंच अडू शकतं, काहींचं तर आजार कळायच्या आधीपासून. "तेव्हाच लिहिलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं." कपाळ माझं!

घरी येऊन ह्यांना विचारलं. तोवर बोलणं फार पुसट झालं होतं, तीनदा विचारावं लागलं. म्हणाले, "मला वाटलं, तू सोडून जाशील." मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." मी हो म्हटलं.

आज तो शब्द मोडतेय. ते असते तर तुझ्यासाठीही मोडला नसता, हेही खरंच आहे. तेव्हा मला मोठ्या मनाची समजू नकोस.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ह्या सगळ्यात तू कुठेच नव्हतीस. चिडायचं तर त्याने माझ्यावर चिडावं. आणि हे पत्र फाडू नका. त्याला पुन्हा शंका आली तर पुन्हा वाचू दे.

ह्यांची बायको