मोजणीतून सुटलेला मेंदू

मी, सुब्बाराव देवजीराव महिंद्रकर, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंपीकाम, राहणार येलहंका, बेंगळूरु, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शरीर मंदावले आहे, बुद्धी नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रदीपकुमार यावरूनच भांडेल.

राहते घर प्रदीपकुमार आणि मुलगी रूपश्री यांना निम्मे निम्मे. शिलाई मशीन आणि मोठी कात्री रूपश्रीला. तिने ती चालवली, प्रदीपने नुसती विकायला काढली होती.

आता माझ्या मेंदूविषयी. काही वर्षांपूर्वी पार्किन्सनची पाहणी करणारे घरोघर आले. हात थरथरतो का, एवढेच विचारले. थरथरत नव्हता, पण एकाच शर्टाची काजं करण्यात माझी सगळी सकाळ जात होती. त्यांनी ‘रोग नाही’ असे लिहिले आणि पुढच्या घरी गेले. नंतर डॉक्टर विद्याश्री यांनी तपासले. हालचाल मंद आणि अंग ताठ असेल तर थरथर नसतानाही हा रोग धरतात, असे त्या म्हणाल्या. म्हणजे निकष बदलला की गल्लीतल्या रोग्यांचा आकडा बदलतो, आणि आकडा लहान म्हणून आमच्या भागात या रोगाचा दवाखाना नाही. मला याचा संताप येतो. पक्की खात्री माणूस गेल्यावर मेंदू तपासला तरच होते, आणि ज्यांना ‘नाही’ म्हटले त्यांचे मेंदू सहसा कोणी तपासतच नाही. माझा तपासावा. डॉक्टरांना कळवण्याचे काम रूपश्रीने करावे.

यावर घरात वाद झाला आहे. प्रदीप म्हणाला, “अण्णा, तुमचं डोकं चिरायला मी सही करणार नाही. सरी, ठीक आहे, त्यावर घर अडणार असेल तर घर नको मला.” स्मशानात माझी कवटी फोडायचा विधी तुलाच करायचा आहे, असे मी सांगितले. तो ताटावरून उठून गेला.

मेंदू काही तासांतच काढावा लागतो, आणि मुलांची संमती लागते. आमच्यात मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडतात. तोवर माझी राख झालेली असेल. म्हणून हे आजच, सर्वांदेखत वाचावे.

घराला कसलीही अट नाही. प्रदीप, सही दिली नाहीस तरी तुझा हिस्सा तुझाच. पण माझ्यामागे तू नकार दिलास तर मला काहीच बोलता येणार नाही, याची मला भीती वाटते. नाही म्हणायचे असेल तर आज, माझ्या तोंडावर म्हण.

सही: सुब्बाराव महिंद्रकर
साक्षीदार: विठोजी अंबोरे, देवाप्पा गौडा. सही करायला मला फार वेळ लागला. दोघे शेवटपर्यंत समोर बसून होते.
येलहंका, बेंगळूरु, १४ ऑगस्ट २०२५