बेकमुरातचा पेला

१५ जानेवारी

बेकमुरात गेला. काल टेकडीवरच्या चौकीत पहाऱ्यावर होता. सकाळी बदलीचा शिपाई वर गेला तर हा बर्फात बसलेला, दगडाला पाठ टेकून. चेहऱ्यावर हसू होतं म्हणे. गोठलेल्या माणसाचे ओठ तसेच दिसतात.

कॅप्टन जुमाकादीरनी वर कळवलं — कर्तव्यावर असताना थंडीनं मृत्यू. वोडका आणि वर झोपेच्या गोळ्या, हे कुणी कळवत नसतं. खिशातली बाटली शार्शेन आचाऱ्यानं गुपचूप काढून घेतली.

तीन वर्षं आमच्या कॉटला कॉट लागून. एका बाटलीतलं प्यायलो. मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. जेवलो आणि झोपलो.

१७ जानेवारी

देह गावी गेला. मला रजा नाही.

कॅप्टननी त्याच्या कॉटवर पेला ठेवला. जुन्या फौजेची रीत. काठोकाठ वोडका, वर काळ्या पावाचा तुकडा. चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. दारूनं मेला आणि त्याच्यापुढे ठेवली तीही दारूच!  

२१ जानेवारी

पेल्यातली वोडका उतरलीय. शेगडी जवळ आहे, उडून जात असेल.

शार्शेन म्हणतो, "बघ तालाय, तुझा दोस्त तिथंही सोडत नाही. रोज घोटभर मारतोच!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

२४ जानेवारी

बेकमुरातचा पहारा आता माझ्याकडे. तोच दगड. कॅप्टन म्हणाले, "तुला जागा माहितीये." माहितीये ना.

२९ जानेवारी

खिंड बंद, गाडी नाही. साऱ्या ठाण्यात थेंब नाही. माझे हात असे कापतायत की बुटाची नाडी बांधता येईना. शार्शेननं वाकून बांधून दिली. म्हणाला, "तू त्याच्याच रांगेत उभा आहेस, गाढवा. पुढचा नंबर तुझा." गोळ्या घेतल्या. डोकं जड झालं, हात तसेच.

३० जानेवारी

सगळे नाश्त्याला गेले होते. पाव उचलला. प्यायलो. पेल्यात पाणी भरलं, पाव वर ठेवला. दिसायला काही फरक नाही.

लाज वाटायला हवी होती. हात थांबले, एवढंच कळलं.

९ फेब्रुवारी

गाडी आली. बाटल्याही आल्या.

१४ फेब्रुवारी

पहाऱ्यावर दगडाला टेकलो होतो. थंडी वाजायची थांबली. छान ऊब आली, गोठ्यात झोपल्यासारखी. बेकमुरातला असंच झालं असणार. मग उठलो. का उठलो, माहीत नाही. उठावंसं वाटत नव्हतं.

नाझिराचा निरोप — पिऊन येणार असशील तर घरी येऊच नकोस. बायको खोटं बोलत नाही.

२२ फेब्रुवारी

चाळिसावा. बेकमुरातचे वडील आले. तोक्तोसून बाबा. घोड्यावरून खिंड ओलांडून, एकटे, या वयात! सोबत पिठाची पिशवी नि चरबीचा डबा. सकाळी माझे नेहमीचे घोट झाले होते. वर कोरडी चहाची पत्ती चघळली, म्हणजे वास मारत नाही.

बाबांनी शार्शेनकडे कढई मागितली आणि स्वतःच बोरसोक, म्हणजे मळलेल्या पिठाचे गोळे, तळायला बसले. शिपाई पोरं भोवती गोळा झाली. एक म्हणाला, "बाबा, हे बायकांचं काम ना?"

"त्याची आई दर गुरुवारी तळतेच घरी. पण पोरगा इथं मेला. इथूनही वास जायला हवा. मेलेला खात नाही रे, त्याला नुसता वास पोचतो."

मग बराकीत आले. कॉटवरचा पेला पाहिला आणि चेहराच बदलला. "हे काय आहे?" कॅप्टन चाचरले. जुनी रीत, फौजेचा मान, वगैरे. बाबांनी पाव बाजूला केला, पेला नाकाशी नेला. बराच वेळ धरला.

"पाणी आहे," म्हणाले.

कॅप्टनना धक्का. पोरं एकमेकांकडे बघतायत.

"कुणी बदललं?"

मी म्हटलं, "मी." खोटं नव्हतं ना!

कॅप्टन लगेच म्हणाले, "भला पोरगा आहे, बाबा. दारू ठेवणं त्याच्या मनाला पटलं नसेल." बाबा जवळ आले आणि मला मिठी मारली. सोडेचनात. दाढी माझ्या गालाला टोचत होती. मग हातावर गरम बोरसोक ठेवला, सगळ्यांत आधी मला. निघताना फोनचा नंबर दिला. "कधीही कर, पोरा."

मला भला समजून गेले. 

२३ फेब्रुवारी

फौजेचा दिवस. तिसरा पेला मेलेल्यांचा — उभं राहून, न बोलता, पेल्याला पेला न लावता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कॅप्टन म्हणाले, "तालायला पुरता पेला पिऊ दे. दोस्त होता त्याचा."

प्यायलो. चौथाही. पुढचं आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

बाटली घेऊन वर गेलो. बूच काढलं. बाबांची दाढी आठवली. लाज वाटली! खरंच वाटली, कितीतरी दिवसांनी. तरी अर्धी प्यायलोच.

१ मार्च

पहाऱ्याच्या जागेवरून फोन लागतो. लावला. एका दमात सांगून टाकलं — बाबा, पाणी मी भरलं, कारण वोडका मी प्यायलो होतो.

"ठाऊक आहे," म्हणाले. "मिठी मारली तेव्हाच कळलं. बेकमुरातही पत्तीच चघळायचा."

 पलीकडून कढईचा चर्र आवाज येत होता. आज गुरुवार.

"ही विचारतेय," बाबा म्हणाले, "पीठ मळलंच आहे, तर तुझ्याही नावानं आतापासून तळत जाऊ का?"

"नको, बाबा," म्हटलं. "नको."