कै. बालाजीचे एक्कावन्न ग्लास

देगलूर
मंगळवार, १३ मे २०२५

प्रिय बालाजी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. अम्मी बरी आहे. उन्हानं जीव नकोसा केलाय. भांड्यांवर नाव टाकायची अब्बांची मशीन तापून बंद पडली होती, मीच खोलून दुरुस्त केली. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली, पण पाटीवर अजून 'गुलाम रसूल'च आहे आणि बाजारात मी अजून रसूलभाईची पोरगीच.

परवा तुझा फोन कापला, राग धरू नकोस. तू 'हॅलो' म्हणालास आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का, ते सांगायलाच हे पत्र.

गेल्या बुधवारी एक बाई पोत्यातून स्टीलचे एक्कावन्न ग्लास घेऊन आली. तेरवीला वाटायचे होते. तिनं मजकुराचा कागद पुढं केला. 'कै. बालाजी अण्णाराव कोटगिरे यांच्या स्मरणार्थ.'

मी बाजूला जाऊन तुला फोन लावला. 'जेवलास का' एवढंच विचारलं, आठवतं? तू हसलास. मग माझ्या लक्षात आलं, ही बाई तुझी आई. तू घरी आपल्या लग्नाचं सांगितलंस, माझं नाव तेवढं सोडून. आणि घरच्यांनी तुझी जिवंतपणीच तेरवी मांडली.

"कशानं गेले?" मी तुझ्या आईला विचारलं.

"लातूरला गेलं माय लेकरू. तितंच गेलं."

ती खरोखर रडत होती रे. नाटक नव्हतं. समोरचा फुलवाला म्हणाला, उदगीर रोडवर ट्रकनं उडवलं. शेजारची शरणम्मा म्हणाली, ताप डोक्यात गेला, तिनं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी कुणालाच खोटं म्हटलं नाही.

आणि काम परतही केलं नाही. हो, मीच टाकलं. एक्कावन्न वेळा. तिसाव्यापर्यंत तुझा चेहरा नीट आठवेना. तुझी आई समोर बसून एकेक ग्लास पदरानं पुसत होती. नाही म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि तेवढं उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही. माझी लाज वाटते मला.

जाताना तिनं एक ग्लास माझ्या हातात ठेवला.

"ह्यात पानी पेत जा. लई गोड अक्षर हाय तुझं, सादिया."

नाव मी सांगितलं नव्हतं.

तेरवीचं भांडं हातात घेतलं म्हणजे माणूस गेलं, हे आपण मान्य केलं. मी घेतलं, बालाजी. तेव्हापासून फोनवर तुझा आवाज आला की भीती वाटते, हा कुठून बोलतोय. नमाजनंतर दुआला हात उचलते, तर जिवंतासाठीची मागू की गेलेल्यासाठीची, तेच सुचत नाही.

ग्लास मांडणीवर होता. अम्मी रोज त्यानंच पाणी प्यायची. तिला मराठी वाचता येत नाही. "इस गिलास का पानी ठंडा रहता," म्हणायची.

स्टीलवरचं खोडता येत नाही, अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खाली भर तेवढी घालता येते. आज मी तुझ्या नावाखाली माझं नाव टाकलं, उर्दूत, अम्मीला वाचता यावं म्हणून. इतक्या भांड्यांत स्वतःचं नाव पहिल्यांदाच. आधी 'मरहूमा' टाकणार होते, म्हणजे आमच्यातलं 'कै.'. मशीन टेकवली आणि थांबले. ते अम्मीनं ठरवावं. उर्दू उजवीकडून सुरू होते, म्हणून उजवीकडं एका शब्दाची जागा कोरी सोडली आहे.

ग्लास पेटीत लपवलाय. सोमवारी निघताना पाणी भरून तिच्या उशाशी ठेवीन.

नोंदणीला पहिल्या एस.टी.नं येते. लातूर स्टँडवर उभा राहा, पण लांबून हाक मारू नकोस. आधी माझा हात धर. तुझा हात गरम लागला की मग बोल.

तुझी,
नावापुढं अजून काही न लागलेली,
सादिया