गुंडातलं आंगण

३ फेब्रुवारी, हैदराबाद

नाही म्हणजे नाही! आईचा पाण्याचा पितळी गुंड मोडीत द्यायचा नाही – कितीदा सांगू? एप्रिलात जयंतीले मी येतोच, तोवर तरी थांबा. पण बाबा फोनवर येतच नाही. बहीण खुशबूच बोलते. "दादा, इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, बाबा धानाच्या बांधीवर गेले." रोजच बांधीवर? आई गेली, आता तिची वस्तूही नको का त्याईले? काऊन विकून राहिले, तेही सांगत नाही.

५ फेब्रुवारी

आज चांदीची समई होती. आमच्या स्टुडिओत वस्तूचे चहूकडून फोटो काढतात, कम्प्युटर ते जोडते अन् पडद्यावर वस्तू गोल फिरते. त्याच्या आधीचं काम माझं – चमक मारायची. स्पिरिटात पावडर कालवून फवारायची, वस्तू भुरकट झाली पाहिजे. सर ओरडतात, "चमक रही तो सब गड़बड़!" चमकेत आजूबाजूचं दिसते, कॅमेरा सरकला की तेही सरकते, कम्प्युटर भुलते.

आई दर बाजाराच्या दिवशी चिंच-राखेनं गुंड घासे. अन् मी चमक घालवायचा पगार घेतो!

६ फेब्रुवारी

सुचलं! विकणारच असतील तं मीच गुंड पडद्यावर उभा करतो. खुशबूले सांगितलं – आंगणात ठेव, पावडर लाव, गोल फिरून फोटो काढ.

"पावडर? गुंडाचं लगन आहे का?"

८ फेब्रुवारी

फोटो आले. पोरीनं गुंड लखलख घासला! पावडरीचा पत्ता नाही. "मळकं भांडं फोटोत कोण ठेवते? आई काय म्हणली असती?" लय चिडलो. कम्प्युटरनं नुसता चिखल केला.

मग फोटो मोठे करून पाहत बसलो. गुंडाच्या पोटात आपलं आंगण – वाकडं, पण सगळं! धानाच्या तणसाचा ढीग. मोहाचं झाड. दोरीवर ओढणी. फोन धरून खुशबू. अन् मागं खाटेवर बाबा.

फोटो पुसून टाकावेसे वाटेनात.

९ फेब्रुवारी

सगळ्याच फोटोत बाबा खाटेवर. पांढरं दिसते ते धोतर नाही. प्लास्टर आहे – मांडीपासून खालपर्यंत.

फोन लावला तं खुशबू रडली. "बाबानं शपथ घातली. म्हणे, त्याले समजलं तं काम सोडून येईल. दवाखान्यासाठीच गुंड..."

१० फेब्रुवारी

गुंड जागेवर ठेव म्हटलं. आज बाबा फोनवर आले. दवाखान्याले पैसे पाठवले – जयंतीच्या तिकिटाचे धरून, अकरा हजार चारशे.