समुद्रफुलांची पैज

सोलापूर,
८ जून १९७७

प्रिय दाक्षायणी,

दरवेळी तुला 'चिरंजीव' लिहितो, आज 'प्रिय' लिहिलंय. हसू नकोस, पैज हरलेल्या माणसाला एवढी नरमाई शोभते. होय, हरलो! आज मृग लागला आणि तुझी चारही समुद्रफुलं जिवंत हायत. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या, तर बोटं पसरून, हलवत, ऐटीत बसलेली. चार कुठली, पाच! मोठ्या लाल फुलाच्या बुडाशी हरभऱ्याएवढं पिल्लू चिकटलंय. भिंग लावून खात्री केली. मग तुझ्या आईला दाखवलं, पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवलं, पोस्टमनला तर सायकलवरून उतरवून दाखवलं. त्या बिचाऱ्यानं हातच जोडले.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलीस ते आठवतं का? बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, हातात रत्नागिरीहून एस.टी.नं आणलेले समुद्राच्या पाण्याचे डबे, त्यात दगडाला चिकटलेली ही दिसायला फुलं पण जातीनं मांस खाणारे प्राणी असलेली मंडळी आणि शंखात राहणारा एक खेकडा. परीक्षा झाली की आणखी दोन वर्षं तिथंच समुद्राचे जीव शिकणार म्हणालीस. मी म्हटलं, अक्कलकोटच्या गुरुसिद्धप्पांच्या मुलाचं स्थळ आलंय, आणि कोकणाची खारी हवा आपल्या माणसाला मानवत नाही. तू म्हणालीस, मग कोकणातल्या जिवाला सोलापूर मानवतं का ते बघू. फुलं मृगापर्यंत जगली तर मी शिकणार, मेली तर तुम्ही म्हणाल त्या मांडवात उभी राहीन. मी लगेच टाळी दिली. आपला वैशाख माणसं वाळवतो, तिथं ही ओली फुलं कसली टिकतायत! मनातल्या मनात मी लग्नपत्रिकासुद्धा छापल्या होत्या.

पण पैज ती पैज. लबाडीनं जिंकलो असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून तू लिहून ठेवलेल्या चिठ्ठीबरहुकूम सगळं केलं. ट्रकची जुनी ट्यूब पंपानं फुगवली, तिला सलाइनची नळी जोडली, चिमटा आवळून पाण्यात एकेक बुडबुडा सोडला. तीस वर्षं चाकात हवा भरतोय, पण हवा हळूहळू सोडायची कला आता शिकलो. पारा त्रेचाळीसवर गेला तेव्हा काचेच्या पेटीभोवती ओली चादर गुंडाळली, आपली सोलापुरीच. दर तासाला तिच्यावर पाणी शिंपडायचं. ज्या कोरड्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्यानंच चादर वाळवता वाळवता पेटी माठासारखी गार ठेवली. खारटपणा मोजायला दूधवाल्या चन्नवीरचा लॅक्टोमीटर, ती दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी, मागून आणला. नळी पंचविसाच्या खुणेवर तरंगली की समुद्र बरोबर. त्याला वाटलं मी त्याचं दूध तपासणार, महिनाभर लई घट्ट दूध आलं.

आणि ती कोळंबी! लिंगायताच्या दुकानात कोळंबी! दर शुक्रवारी कागदात लपवून आणायची, सायकलच्या स्पोकला तुकडा टोचून एकेकाला भरवायचा आणि अंघोळ केल्यावरच इष्टलिंगाला हात लावायचा. एकदा नेमके गुरुसिद्धप्पा आले. स्पोक माझ्या हातात, नाक त्यांच्या हातात. हे काय आरंभलंय म्हणाले. मी म्हटलं, लेकीची ठेव हाय, उपाशी कशी ठेवू? चहाला थांबले नाहीत.

मग वीस मे उजाडला. मी करमाळ्याला लग्नाला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. मागं पेटीतलं पाणी दोन बोटं आटलं. तुझ्या चिठ्ठीत स्पष्ट होतं की पाणी उडतं, मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती माठातल्या गोड्या पाण्याची. पण तुझी आई कानडी शाळेत दोन यत्ता शिकलेली, मराठी चिठ्ठी तिला कुठली वाचता येणार? तिनं आपल्या डोक्यानं हिशेब केला. समुद्र खारट, तर भरही खारट हवी. तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ कालवून ओतलं की! मी आलो तर नळी चौतिसावर, फुलं मिटून बोराएवढी झालेली, खेकडा शंखाबाहेर लोंबतोय. पेटीतलं थोडं पाणी काढायचं, माठातलं पेलाभर घालायचं, पाव तास थांबायचं, असं दिवेलागणीपर्यंत केलं. नळी पंचविसावर आली. दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी लाल फुलानं एक बोट बाहेर काढलं आणि मी दुकानात असा ओरडलो की समोरचा शिंपी कात्री घेऊन धावत आला.

आता हे पत्र ज्यासाठी लिहितोय ते सांगतो. त्या दुपारी मी लगेच माठाकडं गेलो नाही. अर्धा तास खुर्चीवर नुसता बसून राहिलो. काही न करता पैज जिंकत होतो, माझा हातसुद्धा लागला नव्हता. तेवढ्यात तुझी आई पेटीपुढं बसून रडायला लागली. माझ्या हातानं पोरीचं शिकणं बुडालं, असं कानडीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिलाच लग्नाची घाई हाय असं मी समजत होतो, विचारलं मात्र कधीच नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि मी उठलो. त्या अर्ध्या तासाबद्दल बापाला माफ कर. गुरुसिद्धप्पांना काल नकार कळवला, आज गल्लीत हरल्याचे पेढे वाटले. तू दोन वर्षं शीक, वाटलं तर चार शीक. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं पिल्लाला डब्यात घालून तुझ्याकडं येतोय, स्टँडवर घ्यायला ये. समुद्र आम्ही अजून पाहिलेला नाही पोरी, त्याची चव तेवढी माहीत झालीय.

तुझाच, हरून फुगलेला,
अप्पा