विचारांचं साटंलोटं

कायझर्सलाउटर्न,
१५ जानेवारी २००६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

श्रीनाथदादा म्हणतो, ई-मेल कर, मी आईला वाचून दाखवीन. पण हे तू त्याच्या तोंडून ऐकायचं नाहीस. आणि फोनची वायर मी काढून ठेवलीय, म्हणून पत्र.

तेराव्याला आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, बोलता आलं नाही. बाबा गेले त्या रविवारी इथे जर्मनीत विंटरत्साइट सुरू झाला, म्हणजे घड्याळं एक तास मागे गेली. मला वाटलं, चला, एक तास फुकटात मिळाला. बाबांचा फोन नेहमीसारखा दहाला येईल, तोवर चालत जाऊन गरम पाव आणू. सांगलीतलं घड्याळ मागे जात नाही, हे डोक्यातच आलं नाही. बाबा जेवून फोनपाशी बसले तेव्हा माझ्याकडे नऊच वाजले होते आणि मी पावाच्या रांगेत होते. हे तिकडे आल्यावर तुझ्याकडून कळलं. मी दुपारपर्यंत वाट पाहिली, दिवाळीच्या गडबडीत असतील म्हणून उलटा फोनही केला नाही. मग दादाचाच आला.

तेव्हापासून डोक्यात तीच रांग, तोच पाव, तोच घराचा जिना. घाण्याचा बैल बरा, त्याला निदान संध्याकाळी सोडतात. बाबांना काय सांगायचं होतं, एवढंच फिरत राहतं. लॅबमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. माझ्या गाइडबाईंनी परवा विचारलं, की तुला हे पुढे करायचंय का. आई, मला नाही वाटत. पीएच.डी. सोडून परत यावं म्हणते. ये म्हणशील ना?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
संपदा


सांगली,
२९ जानेवारी २००६

चि. संपदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं झालंय, म्हणजे डॉक्टर होणं जवळ आलं म्हणायचं!

बाबांना काय सांगायचं होतं ते मी सांगते, मी शेजारीच होते. चकल्यांचं पार्सल पोचलं का आणि कानटोपी घालतेस का, एवढंच. फोन नुसता वाजत राहिला तेव्हा, रविवारची हुंदडायला गेली असेल, बरं आहे, असं म्हणाले आणि बडीशेप तोंडात टाकून आडवे झाले. आई समजूत काढतेय, असं तू म्हणशील. पण समजूत काढायचं त्राण माझ्यात कुठे आहे?

आता माझं ऐक. हे श्रीनाथलाही सांगितलेलं नाही. झोपून उठल्यावर ते स्वयंपाकघरात आले, छातीत जळजळतंय म्हणाले. माझी कढई तापलेली, लाटलेल्या करंज्या वाळत चाललेल्या. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ओवा खा आणि पडा जरा, म्हटलं. करंज्या झाल्यावर चहाला हाक मारली, तिला ओ आली नाही. गॅस बंद केला असता, रिक्षा बोलावली असती तर? दिवसभर हेच. परवा वरण करपलं ते वास सुटला तरी कळलं नाही. श्रीनाथ तसंच जेवून गेला.

तू परत येऊन काय होणार? एकीच्या जागी दोघी गरगरत बसू. पण येऊ नकोस, असंही माझ्याच्याने लिहवत नाही.

पत्राला पत्र धाड.

तुझी,
आई


कायझर्सलाउटर्न,
१२ फेब्रुवारी २००६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू वेडी आहेस का गं? बाबांना दर दिवाळीत जळजळायचं. चिवड्याचा डबा कपाटात लपवणारा माणूस तो! मागच्या वर्षीही तू ओवाच दिलास आणि ते तासाभरात उठून पणत्या लावायला गेले. या वेळचं दुखणं वेगळं आहे, हे तुला कसं कळावं? पुढचं काहीच ठाऊक नसलेल्या बाईचा निवाडा, सगळं ठाऊक झालेली बाई करतेय. हा कुठला न्याय?

एवढं लिहिलं आणि वाचून पाहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पावाच्या रांगेत उभी होती तिला तरी पुढचं कुठे ठाऊक होतं? तिला मी हे एकदाही म्हटलं नाही. खूप रडले.

लगेच सुटलं असं नाही. दुसऱ्या दिवशी दात घासताना रांग पुन्हा हजर. मग मी मनातल्या मनात तुझ्या कढईपाशी येऊन उभी राहिले आणि तुझ्याशी भांडायला लागले. भांडता भांडता रांग कधी मोडली, कळलं नाही. तूही करून बघ. आपण विचारांचं साटंलोटं करू. तुझी दुपार मला दे, माझी सकाळ तू घे. स्वतःशी जमत नाही ते दुसरीशी जमतं.

बाईंना भेटले. वेळ लागेल, पण सोडत नाही, असं सांगितलं. त्या नुसतंच गेनाऊ, गेनाऊ म्हणत राहिल्या, म्हणजे अगदी बरोबर.

भांडले म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझी,
संपदा


सांगली,
२६ फेब्रुवारी २००६

चि. संपदास,
अनेक आशीर्वाद.

तुझी सकाळ घेतली बाई पदरात. तिथलं दुकान मी पाहिलेलं नाही, म्हणून तुला आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतच उभी करते आणि म्हणते, घे गं, निवांत घे, कुणी काही म्हणत नाही. दिवसातून कितीदा तरी घेतेस. एवढा पाव खाणार कोण?

माझी दुपार गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. पण मधूनमधून ती जरा बाजूला सरकते. तू अभ्यास पुरा करूनच ये. आता हे लिहायला हात अडखळत नाही.

काल मटार सोलत बसले होते. लग्न झाल्यापासून हे समोर बसून सोलू लागायचे आणि निम्मे स्वतःच खायचे, मी ओरडायची. काल सोलून झाले तर पातेलं काठोकाठ भरलं. दोन किलोंत इतके दाणे निघतात, हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मी त्या दुपारसाठी रडत होते गं. काल पहिल्यांदा तुझ्या बाबांसाठी रडले.

लोभ आता आपण दोघींनीच वाढवायचा.

तुझी,
आई