मोठ्या साहेबांसाठी इटालियन बटाटे

९ जानेवारी १९६१, सोमवार
पुंडलिकराव ओव्हरसिअर सांगून गेले: एकोणीस तारखेला मोठे इंजिनीअरसाहेब मारेगावच्या आपल्या सरकारी बंगल्यावर मुक्कामाला. जेवण पसंत पडलं तर खानसाम्याची माझी जागा कायम, नाहीतर मार्चअखेर घरी. मनात हसलो. लढाईच्या काळात चार वर्षं इटालियन कैद्यांच्या छावणीच्या किचनमध्ये काढलेला दुसरा माणूस या जिल्ह्यात दाखवा! कोंबडीसोबत इटालियन बटाटे देणार. फोडी, जैतुनाचं तेल, लसूण, मीठ, थोडा पाला. भट्टीत भाजायच्या. पोरखेळ.

११ जानेवारी
जैतुनाचं तेल वणीला औषधाच्या दुकानात मिळालं. बाटली अंगठ्याएवढी. बंगल्यावर पाणी भरणारी तुळसाबाई विचारते, उकंडाभाऊ, कान दुखून राह्यला काय तुमचा? अडाणी बाई. कमी पडलं तर जवसाचं घालीन. तेल ते तेल.

१३ जानेवारी
पाल्याचं नाव आठवत नाही. सुयांसारखा होता, एवढं नक्की. कंपाउंडातल्या सुरूच्या झाडाचा पाला हुबेहूब तसाच. प्रश्न मिटला.

१४ जानेवारी, संक्रांत
पहिली ट्रायल. भट्टी नाही, म्हणून फोडी डब्यात, खाली-वर गोवऱ्यांचे निखारे. बाहेरून कोळसा, आतून कच्च्या. पाला घशात अडकला. तुळसाबाई तिळगूळ देऊन म्हणाली, गोड बोला. म्हटलं, बटाटेच खराब.

१७ जानेवारी
पाला रद्द. इटलीतही सगळे घालत नसतील. दुसरी ट्रायल, धूरच धूर. जरा घाबरलो आहे. पण ऐनवेळी माझा हात चालतो.

१९ जानेवारी, गुरुवार, दुपारी ४
जमलं! लाल, खुसखुशीत. लसूण सढळ हाताने. डोळ्यांत पाणी आलं. आता मला कायम करण्यावाचून गत्यंतर नाही. सरकारला.

संध्याकाळी ७.३०
साहेबांचा दत्ताचा गुरुवार. कडक उपास. कोंबडी परत. बटाटे मात्र चालतात म्हणाले, हौसेने झाकण उघडलं, आणि लसणाचा वास येताच ताट सरकवलं. उपासाला लसूण! पुंडलिकरावांनी कपाळावर हात मारला. तुळसाबाईने लगेच चार बटाटे उकडून तुपात जिरं-मिरची घातली. साहेबांनी दोनदा मागून घेतले. त्यात काय मोठं? कोणालाही येतं ते.

२३ जानेवारी
कागद आला. जागा कायम झाली, तुळसाबाईच्या नावाने. मी मार्चपर्यंत तिच्या हाताखाली. पुंडलिकराव म्हणाले, हेही नशीब समजा.

२४ जानेवारी
आज तिने बटाट्यांची टोपली पुढ्यात ठेवली. सोलत बसलो. थोडा वेळ बघून म्हणाली, काय पातळ सोलता भाऊ तुमी! कोठी शिकले?
छावणीत, म्हणालो.
चार वर्षं तिथे मी तेवढंच काम केलं.